चौथा फोन

बायको झोपेत गेली नव्हती, हे लेथवाल्याला वर्तमानपत्रातून कळलं.

तिला जाऊन सात महिने झाले होते. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही, काही त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्यावर त्याने सात महिने काढले. आणि आज पहिल्या पानावर त्याच्या घरचा फोन नंबर होता.

सरकार लोकांचे फोन चोरून ऐकत होतं. ऐकलेलं टिपून ठेवणाऱ्या एका कारकुनानेच ते कागद बाहेर काढले होते. तो आता कोठडीत होता. लेथवाल्याचा नंबर पूर्वी एका संपादकाचा होता. संपादक देश सोडून गेला, नंबर लेथवाल्याला मिळाला, आणि यादीतून तो खोडायचं कोणाला सुचलं नाही.

शेजारच्या कुलूपवाल्याने पेपर मोठ्याने वाचायला घेतला. हा बाजारातला पट्टीचा थट्टेखोर. आवाज बदलून फोन करायचा आणि चांगल्या चांगल्यांना पळायला लावायचा. "दोन वर्षं सरकारने काय ऐकलं? म्हणे गिझर गळतो, येताना लिंबं आणा. घ्या! तुमचा गिझर आता सरकारी गुपित झाला." मग त्याची नजर पानाच्या तळाशी गेली. पेपर त्याने लेथवाल्यापुढे धरला.

"दुपारी २.१०. घरून वर्कशॉपला. उत्तर नाही. स्त्री : अहो, उचला ना.

२.१४. उत्तर नाही. स्त्री : छातीत कसंतरीच होतंय हो.

२.१९. उत्तर नाही. स्त्री : मशीनवर असतील. (धाप.) फोन ठेवला."

समोरून कोणी उचलला नाही तरी फोन करणाऱ्याचं बोलणं चोरून ऐकणाऱ्याला ऐकू जातं, हे त्याला त्या दिवशी कळलं. मशीन चालू असलं की वर्कशॉपमध्ये घंटी ऐकू येत नाही, हे त्याला तीस वर्षं माहीत होतं.

संध्याकाळी मुलगी आली. टीव्हीवर भांडण चाललं होतं. कोणी कारकुनाला देशद्रोही म्हणत होतं, कोणी म्हणत होतं की असा एक तरी माणूस निघाला. मुलीने टीव्ही बंद केला.

"द्रोही का भक्त, त्यांचं ते बघतील," ती म्हणाली. "आई गुदमरत होती आणि हा टिपणं काढत बसला होता, बाबा. आता आलाय मोठा सज्जन. तुम्ही कोर्टात उभे राहा आणि हेच सांगा."

सरकारी वकिलांचीही तीच इच्छा होती. लेथवाला हो म्हणाला.

चौथ्या दिवशी कारकुनाच्या वकीलबाई घरी आल्या. मुलीने त्यांना बसा म्हटलं नाही. लेथवाल्याने खुर्ची ओढून दिली.

"माझा अशील म्हणतो, चौथाही फोन झाला होता," वकीलबाई म्हणाल्या. "फाइलमध्ये पत्ता जुना होता, संपादकाचा. त्यामुळे रुग्णवाहिका पाठवता येईना. वर्कशॉपचा नंबर मात्र त्याच्यासमोर होता. तो जागेवरून उठला आणि रस्त्यावरच्या फोनवरून त्याने तुम्हाला फोन लावला. ‘घरी जा, आत्ताच्या आत्ता,’ एवढंच बोलला. आपण कोण ते सांगता येईना. सांगितलं असतं तर सगळं खातं उघडं पडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने कागद जमवायला घेतले."

"थापा," मुलगी म्हणाली. "कुठे आहे याची नोंद?"

"नाही ना. कोण कशाला करेल? वीस वर्षांची शिक्षा समोर आहे. तो फोन झाला होता हे जगात एकच माणूस सांगू शकतो."

"असा फोन आला असता तर बाबा धावत सुटले असते. सांगा ना हो बाबा, यांना."

लेथवाल्याने हात पुसले. हात स्वच्छच होते.

"फोन आला होता," तो म्हणाला.

वकीलबाईंनी वही उघडली. "तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"त्याने सांगितलं नाही?"

"विचारलं मी. म्हणाला, ते त्यांचं आहे, त्यांनाच सांगू दे."

"कोर्टात सांगतो," लेथवाला म्हणाला.

तारीख मंगळवारची आहे. मुलगी रोज येते, जेवण झाकून ठेवते. मशीनच्या आवाजात बाबांना फोनवरचं धड ऐकू आलं नसणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली आहे. कालपासून ती पुन्हा थोडं थोडं बोलायला लागली आहे.

तो फोन आला तेव्हा मशीन बंद होतं. माप घ्यायला त्याने ते थांबवलं होतं, म्हणून तर घंटी ऐकू आली. शब्द न् शब्द ऐकू आला. कुलूपवालाच आवाज बदलून बोलतोय असं वाटून तो मोठ्याने हसला होता. "आधी तू जा," म्हणाला होता, आणि फोन ठेवून त्याने मशीन पुन्हा चालू केलं होतं.

सरकारचं सगळं बाहेर काढणाऱ्या माणसाने तेवढं एक पोटात ठेवलं आहे. मुलीला ते सांगायचं अजून राहिलं आहे.