सरकारी माहिती, अगदी मोफत

ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरून रांग थेट चहाच्या टपरीपर्यंत गेली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स होती. काहींनी सातबाराही आणला होता. ग्रंथपाल जयमाला कुलूप उघडता उघडता थबकली. जळगाव जामोदच्या या ग्रंथालयात पेपर फुकट वाचायला मिळतो, तरी एवढी माणसं तिनं इथं कधी पाहिली नव्हती.

"मॅडम, फॉर्म कोठी भेटते?" सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या गुलाबरावांनी विचारलं. ते वरवट बकालच्या पलीकडच्या एका खेड्यातून पहिल्या एसटीनं आले होते.

"कशाचा फॉर्म?"

"आता घ्या! तुमीच तं सांगतलं व्हिडिओत. सरकारी माहिती, अगदी मोफत. आज शेवटची तारीख हाय म्हने."

व्हिडिओ तिचाच होता. मागच्या खोलीत सरकारनं छापलेली जुनी पुस्तकं होती. जनगणनेची, पावसापाण्याची, गावोगावच्या पाहणीची. वर्षानुवर्षं त्यांना कुणी हात लावला नव्हता. ती रद्दीत घालून तिथं स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची, असं अध्यक्ष अर्जुनरावांनी ठरवलं होतं. मुलांना जागा हवीच होती, त्यात चूक काही नव्हती, आणि म्हणूनच जयमालाला भांडताही येत नव्हतं. मग तिनं पाण्याच्या जगला मोबाइल टेकवून व्हिडिओ करायला सुरुवात केली. तुमचं गाव या पुस्तकांत आहे, या, बघा. कुणी बघितलं नाही. तिचा दीर तेवढा न चुकता लाइकचा अंगठा टाकायचा. परवाचा व्हिडिओ मात्र गावोगावच्या ग्रुपवर फिरला आणि वाटेत कुण्या पुण्यवंतानं त्याला शेवटची तारीख चिकटवली. सरकारी आणि फुकट म्हटलं की आपल्याकडे तारीख लागतेच.

तेवढ्यात रद्दीचा टेम्पो फाटकाशी येऊन उभा राहिला. मागोमाग अर्जुनराव आले. रांग पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"जयमालाबाई, हे काय होऊन राह्यलं?"

जयमालाला रडू येत होतं. लोकांनी दिवसाची मजुरी बुडवली होती, तिकिटाला पैसे घातले होते. ती वरच्या पायरीवर चढली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. "योजना नाही. फॉर्म नाही. काही मिळणार नाही. आत फक्त जुनी पुस्तकं आहेत, तुमच्या गावांची."

"मंग पुस्तकं काय चुलीत घालाव?" मागून कुणीतरी ओरडलं. रांग मोडली. झेरॉक्सच्या घड्या खिशात गेल्या. टेम्पोवाल्यानं रद्दी भरायला मागचा फळका पाडला.

गुलाबराव मात्र हलले नाहीत. "आलोच हाय तं आमच्या गावाचं काय लिवलं ते तरी सांगा."

जयमालानं धावत जाऊन एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. पान शोधलं आणि जमेल तसं मराठी करून वाचलं. "शाळा एक. इमारत नाही. मारुतीच्या देवळात भरते."

"देवळात!" गुलाबरावांचा आवाज चिरकला. "माहा बाप सांगे, तं आमी हासो त्याले. खरंच सांगे बापा थो!"

पायऱ्या उतरलेली माणसं मागं वळली. चपला बाहेर राहिल्या, माणसं आत फरशीवर मांडी घालून बसली. एकेक जण आपलं गाव सांगायचा, जयमाला वाचायची. कुठं आमराई होती, कुठं होडीनं नदी ओलांडावी लागायची. कथेला बसावं तसे लोक ऐकत होते. हीच का ती कुणी हात न लावलेली पुस्तकं, असं जयमालाला वाटून गेलं.

जावेचा, अन्नपूर्णाबाईंचा हात धरून मनकर्णाबाई पुढं आल्या. पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. "बाई, पळसोडी हाय का पाह्य बरं."

पळसोडी धरणाच्या पाण्याखाली जाऊन जमाना झाला होता.

"बुडालं ना थे गाव, आजी," गुलाबराव हळूच म्हणाले.

"मले मालूम हाय. पन सेतूतला कंप्युटरवाला पोट्टा म्हनते, असं गाव नव्हतंच कधी. काऊन नव्हतं? मी तथीच जलमली ना!"

जयमाला पानं उलटू लागली. नसलं तर या म्हातारीला काय सांगायचं? अर्जुनरावही नकळत पुस्तकावर वाकले होते.

"आहे," ती म्हणाली आणि तिनं ओळीवर बोट ठेवलं. "पळसोडी. नदीच्या काठी. विहिरी दोन. पाणी गोड."

"दोनच," मनकर्णाबाई म्हणाल्या. "एक आमच्या आंगनात होती."

अर्जुनराव खिडकीशी गेले आणि त्यांनी हात हलवून टेम्पो परत पाठवला. "अभ्यासिका माह्या घरच्या माडीवर करू," ते परत येत पुटपुटले.

मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सावकाश खांद्यावर घेतला. खोलीभर पुरुषमाणसं बसलेली. अन्नपूर्णाबाई गोंधळल्या, कानाशी लागल्या. "बाई, पदर घ्या ना डोक्यावर. मानसं हायेत."

"राहू दे वं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "माहेरात कोन घेते डोक्यावर पदर?"