चिरणाऱ्याचा दगड

"वैद्यबुवा, वहाणा घट्ट बांधा," म्हातारा म्हणाला. "मागच्या खेपेला माझी एक इथेच राहिली. मढ्याच्या मामानं नेम धरून टाचेवर दगड हाणला होता."

म्हाताऱ्याचं काम एवढंच. प्रेत टिकावं म्हणून त्यात मसाला भरण्याआधी त्याची डावी कूस चिरायची आणि पळत सुटायचं. मागून नातेवाईक शिव्या देत दगड मारत. आपल्या माणसाला जखम करणाऱ्याला तसंच जाऊ द्यायचं नाही, ही अलेक्झांड्रियातल्या मिसरी लोकांची रीत. आज मात्र त्यानं आपली काळ्या दगडाची सुरी थेरोनच्या हाती दिली होती.

थेरोन ग्रीक वैद्य. राजाच्या परवानगीनं त्यानं कितीतरी प्रेतं उघडली होती. त्याच्या मागे कधी कुणी धावलं नव्हतं.

ओट्यावर त्याची बायको होती. तामिन.

"दाजी, तुम्ही नका," तामिनचा भाऊ पाखोम म्हणाला. त्याच्या ओंजळीत दगड होते. "हे म्हातारं रोजच मार खातं."

"ती कशानं गेली ते मला बघायचंय."

"पित्तानं. तुम्हीच म्हणालात."

म्हणाला होता. रेचक दिलं. उतार पडेना म्हणून आणखी कडक दिलं. ती त्याचं बोट धरून उजव्या कुशीवर टेकवायची. तो बोट सोडवून घ्यायचा.

त्यानं चिरलं. हात आत घातला. डावीकडून उजवीकडे.

आतडं. गार.

(थोडं खाली, अहो.)

पुन्हा आतडं.

(अजून थोडं. हं. इथे.)

गाठ. फुटलेली. हात बाहेर आला तो पुवानं माखलेला.

"काय सापडलं?" पाखोमनं विचारलं.

"गाठ होती. माझ्या रेचकानं फुटली."

म्हाताऱ्यानं थेरोनची बाही ओढली. "पळा आता. एखादा बसू द्या पाठीत. बसला की फिटलं. मढं मग आपल्या मागे येत नाही. मी बघा, पडल्या पडल्या घोरतो."

थेरोन पळाला नाही. पाखोमकडे वळला. मान खाली घातली.

"मार."

पाखोम त्याच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला. एकेक दगड जमिनीवर ठेवला. आवाज होऊ न देता.

"घरी जा, दाजी," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी मारणार नाही."