करंगळीवरची मेंदी
माझ्या करंगळीच्या नखावरची मेंदी आता टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी उरली आहे. ती दिवाळीत चैत्रालीनं, माझ्या मुलीनं, लावली होती. महिन्याभरात डेंग्यूनं चैत्रालीच गेली. बाकीची नखं मी कापली, हे राहिलं. "संध्याकाळी नखं कापत नाहीत," असं म्हणून रोज टाळते. "विज्ञानाची बाई ना गं तू?" नवरा चिडवतो. आज दिवेलागणीला पालेगावच्या टॉवरांमागून चंद्र वर आला. "चैतू म्हणायची, चंद्र लांब चाललाय. खरंय?" त्यानं विचारलं. "खरंय. तो समुद्राला ओढतो, फुगलेला समुद्र त्याला पुढे खेचतो. त्या ओढीनंच तो दूर सरकतो." "किती वेगानं?" "नख वाढतं तेवढ्याच." तो माझ्या करंगळीकडे बघत राहिला. "आणि थांबवता येत नाही?" "नाही." मी हात त्याच्यापुढे धरला. "नेलकटर आण." "अगं, संध्याकाळ झालीये." "असू दे. आज तूच काप."