बोटीतला ओटा

भूकंप झाल्यापासून बेगमबी नवऱ्याला कुठल्याच छताखाली एकटं सोडत नव्हती. गुलाम रसूल मिस्त्री कुणाच्या घरी ओटा बसवायला गेला, की ही पानदान घेऊन दाराशी बसलेली. "लोक हसून राहिले, बेगम," तो वैतागायचा.

या खेपेला काम नांदेडला, धरणातल्या मोटारबोटीवर होतं. सहलीवाल्यांना चहा-भजी द्यायला बोटीचे मालक माधवराव यांना बोटीत ओटा हवा होता. बेगमबी तिथंही दाराशी बसली आणि मिस्त्रीनं लेव्हल लावून ओटा चोख बसवला.

संध्याकाळी माधवराव बघायला आले, तेव्हा बेगमबी काठावर नमाजला गेली होती. त्यांनी ओट्यावर कांदा ठेवला, तो गडगडत खाली गेला. मिस्त्रीनं लेव्हल ठेवली, तर तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा पार एका टोकाला. "दुपारी बराबर होता, साहेब. खुदा कसम!"

तेवढ्यात बेगमबी आत आली आणि आपल्या जागेवर टेकली. बोट जराशी कलली आणि बुडबुडा सावकाश मधोमध येऊन थांबला.

"मिस्त्री," माधवरावांना हसू आवरेना, "तुम्ही भाभींना धरून लेव्हल काढलीय!"

गुलाम रसूलनं काठावरून रेतीचं पोतं आणून दाराशी ठेवलं आणि बेगमबीला उठवलं. बुडबुडा हलला नाही.

"चला," बेगमबी म्हणाली, "पोत्यानं भागलं. उद्यापासून मी घरीच बसते."

मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत होता. "बोटीचं भागलं," तो वर न बघता म्हणाला. "उद्या अहमदपूरला काम हाय. पानदान भरून ठेव."