कातड्याची पारख

नवऱ्याचे बूट शिवून घ्यायचे, तर कातडं आपणच पारखायचं, हा स्वरदाचा हट्ट. निरंजन दाराजवळच्या बाकावर अनवाणी बसून फोन बघत होता.

"पानी डालके देखिए," कारागीर म्हणाला.

तिने कातड्यावर गार पाण्याचा थेंब सोडला. तो हळूहळू आत मुरला.

"वरून गळतंय का गं?" निरंजनने मान पुसली.

तिने वर पाहिलं. छत कोरडं होतं.

मग तिने कातड्यावर नखाने हलकेच ओरखडा काढला.

"स्स! काय चावलं बघ जरा."

त्याच्या मानेवर नखाएवढीच लाल रेघ उमटली होती.

"भैया, ये वाला नहीं," तिला ओरडायचं होतं. पण त्याआधीच कारागिराने कातडं तिच्या हाताखालून ओढून घेतलं.

"बढ़िया माल चुना, मैडम," म्हणत कारागिराने कातडं फळीवर ताणलं आणि कापायची रापी टेकवली.