आवाज शून्य

ही २००२ सालची गोष्ट. वारज्याच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये माझा मुलगा श्रीरंग बायकोवर, दीपमालावर, हात उगारायचा, की त्याचा कॉम्प्युटर आपोआप 'बीप' वाजायचा.

एकदा वैतागून त्याने काळ्या पडद्यावर कमांड देऊन आवाज शून्य केला. "वाज आता!" म्हणत त्याने तिला भिंतीवर आपटलं.

आपटल्याचा आवाजच झाला नाही. ती किंचाळली, तेही ऐकू आलं नाही.

रक्ताळल्या ओठांनी दीपमाला उठली. तिने तीच कमांड देऊन शून्याच्या जागी शंभर टाकलं.

"अहो, ऐका," तिचे ओठ हलले.

आम्हा दोघींना काहीच ऐकू आलं नाही. श्रीरंग मात्र कान दाबून कोसळला. बोटांमधून रक्त ओघळलं.

दीपमाला आता मांजरी गावात कॉम्प्युटर क्लास चालवते. श्रीरंग माझ्याजवळ असतो, ठार बहिरा. तरी जेवता जेवता विचारतो, "आई, ती अजून का किंचाळतेय?"