सवतीचे डोळे

नवऱ्याच्या जुन्या गाडीला मी थट्टेत सवत म्हणायचे. माझा वाढदिवस तो विसरायचा, तिचं सर्व्हिसिंग नाही. हल्ली मी शेजारी बसले की तिचे हेडलाइट जायचे आणि उतरले की लागायचे.

मेकॅनिकने फ्यूज बदलला, रिले बदलला, वायरी घट्ट केल्या. "ताई, बसा बरं आता."

मी बसले. दिवे गेले.

शेवटी बॅटरी तपासायला म्हणून त्याने ती काढून टेबलावर ठेवली. मी उतरून गाडीसमोर उभी राहिले.

नवरा वाकून फडक्याने हेडलाइटची काच पुसत होता. "रुसू नकोस गं, चिऊ," तो हळूच म्हणाला.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष तो मला चिऊ म्हणायचा.

बॅटरी टेबलावरच होती. दोन्ही दिवे सावकाश लागले आणि माझ्यावर रोखून राहिले.